गर्जन्मेघातील विद्युत् आणि उच्च-ऊर्जा प्रारण

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत विजेचे स्पष्टीकरण सामान्यतः एकाच परिच्छेदात उरकलेले असते. ढगात धन आणि ऋण विद्युद्भार विलग होतात. त्यांच्यामधील विद्युत्क्षेत्र वाढत जाते. ते एका ठराविक मर्यादेपलीकडे गेले की हवेचा रोध मोडतो व प्रचंड ठिणगी पडते. प्रयोगशाळेतील दोन धातुगोलांमध्ये पडणारी ठिणगी आणि आकाशातील वीज यांत फरक काय तो आकारमानाचा, असा ग्रह हे वर्णन वाचून होतो. यातील पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसऱ्या विधानापाशी मात्र एक अडचण आहे, आणि ती तपशिलाची नसून मुळाचीच आहे. हवेचा रोध मोडण्यास जेवढे विद्युत्क्षेत्र लागते, तेवढे क्षेत्र ढगात प्रत्यक्ष मोजू गेल्यास सापडत नाही. तरीही वीज पडतेच.

ही विसंगती सोडविण्याच्या प्रयत्नांतून गेल्या चाळीस वर्षांत ज्ञानाची एक नवी शाखा उदयास आली. गर्जन्मेघ हा केवळ विद्युद्भारांचा साठा नसून कणांना गती देणारे एक नैसर्गिक यंत्रही आहे, त्यातून क्ष-किरण व गॅमा-किरण बाहेर पडतात, प्रतिकण निर्माण होतात आणि अणुकेंद्रीय विक्रियाही घडतात, हे तिने दाखवून दिले. या संशोधनाची रूपरेषा प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे.

१. ढगातील विद्युद्भार

महाराष्ट्रात चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस घेऊन येणारे उंच, काळे ढग सर्वांच्या परिचयाचे आहेत. तापलेल्या जमिनीवरील बाष्पयुक्त हवा वेगाने वर चढते आणि ढगाचा माथा १२ ते १५ किलोमीटरांपर्यंत, प्रसंगी त्याहूनही वर, पोहोचतो. ढगाच्या मध्यभागी तापमान शून्याखाली १० ते २० सेल्सिअस अंश असते. तेथे बर्फाचे लहान स्फटिक, मऊ गारा आणि गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवरूपच राहिलेले जलबिंदू एकत्र नांदतात. वर जाणाऱ्या प्रवाहातील हलके स्फटिक खाली येणाऱ्या गारांवर आदळतात व त्या आघातात विद्युद्भाराची देवघेव होते. या तापमानात गारेकडे सामान्यतः ऋणभार जातो व स्फटिकाकडे धनभार. स्फटिक वर वाहून नेले जातात. गारा मध्यावरच रेंगाळतात. परिणामी ढगाच्या वरच्या भागात धनभार आणि मध्यभागी ऋणभार साठतो. तळाशी बहुधा धनभाराचा आणखी एक लहानसा पुंजका असतो.

आघाताच्या क्षणी बर्फाच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते याविषयी अद्याप वाद आहेत. तथापि विद्युद्भारांची ही स्थूल मांडणी फुगे आणि विमाने यांच्या साहाय्याने केलेल्या मोजमापांनी प्रस्थापित झालेली आहे.

२. आकड्यांतील विसंगती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समुद्रसपाटीवरील कोरड्या हवेत रोधभंग होण्यास दर मीटरला सुमारे ३० लक्ष व्होल्ट एवढे क्षेत्र लागते. हा आकडा हवेच्या घनतेशी समप्रमाणात बदलतो. सहा किलोमीटर उंचीवर घनता जमिनीवरील घनतेच्या निम्म्याहून किंचित अधिक असते. म्हणून तेथे सुमारे १६ लक्ष व्होल्ट पुरावेत. पाण्याचे थेंब व बर्फाचे कण यांच्या टोकांपाशी क्षेत्र स्थानिक रीत्या वाढते, हे जमेस धरले तर ही मर्यादा आणखी खाली येते. परंतु फुग्यांवरील उपकरणांनी ढगांच्या अंतर्भागात मोजलेली क्षेत्रे बहुधा दर मीटरला एक ते दोन लक्ष व्होल्ट एवढीच भरतात. चार लक्षांपर्यंत पोहोचलेली मोजमापे विरळाच. म्हणजे जेथे १६ हवेत तेथे एक किंवा दोनच आहेत.

उपकरणे नेमक्या त्या जागी, त्या क्षणी पोहोचलीच नसतील, असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. परंतु अनेक देशांत, अनेक वर्षे केलेल्या मोजमापांत हीच तफावत पुनःपुन्हा आढळली आहे. तेव्हा ठिणगी पडण्यास लागणारी सुरुवात दुसऱ्याच कोणत्या मार्गाने होत असावी काय, असा विचार करणे क्रमप्राप्त झाले.

३. विल्सन यांची कल्पना

या विचाराचे बीज एका जुन्या निबंधात होते. मेघपेटीचे निर्माते सी. टी. आर. विल्सन यांना आयनीभवन करणाऱ्या कणांचे मार्ग दृश्य करण्याबद्दल १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्यांच्या अभ्यासाचा दुसरा, तितकाच जिव्हाळ्याचा विषय वादळी ढगांचे विद्युत्शास्त्र हा होता, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. वस्तुतः मेघपेटीची कल्पनाही त्यांना १८९४ साली स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावर ढगांवरील प्रकाशवलये पाहूनच स्फुरली होती. १९२५ साली त्यांनी असा प्रश्न मांडला, की गर्जन्मेघाच्या क्षेत्रात सापडलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनाचे काय होईल?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी प्रथम पावसाच्या थेंबाचे उदाहरण घेऊ. थेंबाचा वेग जसजसा वाढतो तसतसा हवेचा विरोधही वाढतो. शेवटी विरोध व वजन समान होतात आणि थेंब स्थिर वेगाने खाली येतो. मंद इलेक्ट्रॉनाची स्थिती हवेत अशीच असते. परंतु इलेक्ट्रॉनाची ऊर्जा शंभर-दोनशे इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या पलीकडे गेली की चित्र पालटते. जितका इलेक्ट्रॉन वेगवान, तितका तो प्रत्येक अणूच्या सान्निध्यात कमी काळ राहतो आणि तितकी त्याची वाटेतील ऊर्जाहानी कमी होते. सुमारे दहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपाशी ही हानी न्यूनतम होते. समुद्रसपाटीवरील हवेत ती तेव्हा दर मीटरला दोन लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून थोडी अधिक असते.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. विद्युत्क्षेत्राकडून दर मीटरला मिळणारी ऊर्जा या न्यूनतम हानीपेक्षा अधिक असेल, आणि इलेक्ट्रॉन मुळातच पुरेसा वेगवान असेल, तर त्याची गती वाढतच जाईल. वेग वाढल्याने त्याचा विरोध कमी होतो आणि विरोध कमी झाल्याने वेग आणखी वाढतो. अशा इलेक्ट्रॉनास येथे ‘अनिर्बंध इलेक्ट्रॉन’ म्हटले आहे. त्यासाठी लागणारे किमान क्षेत्र, इलेक्ट्रॉनांचे इतस्ततः विखुरणे हिशेबात धरून, समुद्रसपाटीवर दर मीटरला सुमारे २ लक्ष ८४ हजार व्होल्ट ठरते. नेहमीच्या रोधभंगाच्या मर्यादेचा हा जेमतेम दहावा हिस्सा आहे. सहा किलोमीटर उंचीवर हाच आकडा दीड लक्षाच्या आसपास येतो. आणि ढगांत मोजलेली क्षेत्रे तर नेमकी एवढीच आहेत!

मुळात वेगवान असा इलेक्ट्रॉन येतो कोठून, हा प्रश्न विल्सन यांच्या काळीही अवघड नव्हता. किरणोत्सर्गी द्रव्यांतून आणि विश्वकिरणांतून असे कण वातावरणास अखंड मिळत असतात. बेसिल शॉनलँड यांनी दक्षिण आफ्रिकेत १९३० नंतरच्या दशकात या भेदक कणांचा शोध घेतला. परंतु निर्णायक पुरावा त्या काळच्या साधनांनी हाती लागू शकला नाही. विल्सन १९५९ साली निवर्तले. वयाच्या ८७ व्या वर्षी, १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अखेरचा निबंधही मेघविद्युताविषयीच होता.

४. एकापासून अनेक

अनिर्बंध इलेक्ट्रॉन एकटा धावत नाही. वाटेतील एखाद्या अणूवर त्याचा जोरदार आघात झाला, तर त्या अणूतून बाहेर फेकला गेलेला इलेक्ट्रॉनही पुरेसा वेगवान असू शकतो, व तोही धावू लागतो. एकाचे दोन, दोहोंचे चार असा हा लोंढा वाढत जातो, हे रशियातील ए. व्ही. गुरेविच यांनी जी. मिलिख आणि आर. रूसेल-दुप्रे यांच्यासह १९९२ साली दाखवून दिले.

पुढे अमेरिकेतील जोसेफ ड्वायर यांनी संगणकावर केलेल्या अनुकरणांतून एक उपयुक्त नियम मिळाला. इलेक्ट्रॉनांची संख्या सुमारे २.७ पट होण्यास किमान ७३ लक्ष व्होल्ट विभवांतर खर्ची पडते. ढगात १० कोटी व्होल्ट उपलब्ध आहेत असे मानले तर अशा फार तर १३ किंवा १४ वाढी होतील, म्हणजे एका बीज-इलेक्ट्रॉनापासून काही लक्ष इलेक्ट्रॉन निर्माण होतील. हा हिशेब पुढे उपयोगी पडेल. हे इलेक्ट्रॉन हवेतील अणुकेंद्रांजवळून जाताना वळतात आणि त्या वळणात आपल्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरण व गॅमा-किरण यांच्या रूपाने टाकतात. इलेक्ट्रॉन स्वतः हवेत लवकर विरतात. गॅमा-किरण मात्र शेकडो मीटर प्रवास करून उपकरणांपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून ढगातील अनिर्बंध इलेक्ट्रॉनांचा माग या किरणांवरूनच काढावा लागतो.

५. निरीक्षणांची साक्ष

पहिले भरवशाचे पुरावे विमानातून मिळाले. जॉर्ज पार्क्स व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या एफ-१०६ विमानात उपकरणे ठेवून वादळी ढगांतून उड्डाणे केली. त्यांचे निष्कर्ष १९८१ व १९८५ साली प्रसिद्ध झाले. ढगात क्ष-किरणांची तीव्रता कित्येक सेकंद वाढलेली दिसे आणि वीज चमकताच ती एकदम खाली येई. ही दुसरी गोष्ट विशेष लक्षणीय होय. किरण विजेच्या लोळातून येत असते तर ते वीज चमकताना वाढले असते. ते थांबतात याचा अर्थ असा की त्यांचा उगम ढगाच्या क्षेत्रातच आहे, आणि वीज ते क्षेत्र क्षीण करीत असल्यामुळे उगमही आटतो. केनेथ ईक व त्यांचे सहकारी यांनी फुग्याच्या साहाय्याने केलेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत अशी वाढ सुमारे एक मिनिट टिकलेली आढळली.

याच सुमारास एक अनपेक्षित शोध अंतराळातून लागला. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन उपग्रहावरील उपकरणे दूरच्या विश्वातील गॅमा-स्फोट टिपण्यासाठी होती. जी. जे. फिशमन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की काही अत्यंत अल्पकालीन स्फुरणे वरून नव्हे, तर खालून, पृथ्वीकडून येत आहेत, आणि त्या वेळी उपग्रहाच्या खाली वादळी ढग आहेत. १९९४ साली हा शोध जाहीर झाला. ही स्फुरणे एक सहस्रांश सेकंदाच्या आसपास टिकतात. २००२ साली सोडलेल्या ‘रेसी’ उपग्रहाने त्यांतील किरणांची ऊर्जा दोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत जात असल्याचे दाखविले. वर्णपटाच्या अभ्यासावरून त्यांचा उगम सुमारे १५ ते २१ किलोमीटर उंचीवर, म्हणजे उंच ढगांच्या माथ्यांच्या परिसरात असावा, असे २००५ साली निष्पन्न झाले.

येथे वरील हिशेब उपयोगी पडतो. अशा एका स्फुरणासाठी ढगात सुमारे १०<sup>१७</sup>, म्हणजे एकावर सतरा शून्ये इतके अनिर्बंध इलेक्ट्रॉन लागतात. विश्वकिरणांनी पुरविलेली बीजे आणि काही लक्षपट वाढ एवढ्यावर ही संख्या गाठता येत नाही. ड्वायर यांनी २००३ साली यावर एक तोड सुचविली. लोंढ्यातून निघालेल्या गॅमा-किरणांपैकी काही मागे विखुरतात. काहींपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या बनतात, आणि पॉझिट्रॉन धनभारित असल्यामुळे क्षेत्रात उलट दिशेने, लोंढ्याच्या उगमाकडे धावतात. दोघेही तेथे नवीन बीजे पेरतात. अशा रीतीने एका लोंढ्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा अशी स्वयंपोषी साखळी सुरू होते व बाहेरून येणाऱ्या बीजांची गरजच उरत नाही. दुसरा पक्ष असा, की उतरत्या अथवा चढत्या विजेच्या टोकापाशी मोठ्या संख्येने बीजे तयार होतात आणि ढगाचे क्षेत्र त्यांची पुढील वाढ करते. या दोन पक्षांचा निवाडा अद्याप पूर्ण झालेला नाही.

६. विजेच्या पायऱ्यांतून येणारे क्ष-किरण

आतापर्यंत ढगाच्या विस्तृत क्षेत्राचा विचार केला. प्रत्यक्ष विजेच्या वाटेतूनही क्ष-किरण निघतात, परंतु त्यांचा मार्ग वेगळा आहे. ढगातून जमिनीकडे येणारा ऋणभारित अग्रप्रवाह सलग उतरत नाही. सुमारे ५० मीटर लांबीच्या पायऱ्यांनी, दोन पायऱ्यांमध्ये सुमारे ५० दशलक्षांश सेकंद थांबत, तो खाली येतो, हे शॉनलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०-४० या दशकात फिरत्या भिंगांच्या कॅमेऱ्याने दाखविले होते. तो जमिनीशी जोडला गेला की परतीचा प्रखर झोत वर जातो. त्यातील प्रवाह सामान्यतः ३० हजार अँपिअरच्या आसपास असतो आणि त्या वाटेतील हवा ३० हजार अंश केल्व्हिनपर्यंत तापते. डोळ्यांना दिसते ती मुख्यतः हीच वीज होय.

न्यू मेक्सिकोतील एका पर्वतशिखरावर २००१ साली सी. बी. मूर व त्यांच्या सहकाऱ्यांना, परतीच्या झोतापूर्वीच, पायऱ्यांनी उतरणाऱ्या अग्रप्रवाहातून उच्च-ऊर्जा प्रारण येत असल्याचे आढळले. ड्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॉरिडात, तार बांधलेले अग्निबाण ढगाकडे सोडून मुद्दाम पाडलेल्या विजेतही क्ष-किरण टिपले, व २००५ साली क्ष-किरणांची प्रत्येक झुळूक एकेका पायरीशी जुळते हे सिद्ध केले. येथे बाहेरच्या बीजांची आवश्यकता नसते. अग्रप्रवाहाच्या अगदी टोकापाशी, क्षणार्धासाठी, नेहमीच्या रोधभंग-मर्यादेच्या कित्येक पट क्षेत्र निर्माण होते. एवढ्या क्षेत्रात मंद इलेक्ट्रॉनही विरोधाचा सर्वोच्च उंबरठा ओलांडून अनिर्बंध होऊ शकतात.

७. ढगातील प्रतिकण आणि अणुकेंद्रीय विक्रिया

दोन घटनांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. १४ डिसेंबर २००९ रोजी फर्मी उपग्रह ईजिप्तवर असताना त्यावर कणांचा एक झोत येऊन आदळला. आसपास वादळ नव्हते. परंतु सुमारे ४५०० किलोमीटर दक्षिणेस, झांबियात, वादळी ढग होते. तेथून निघालेले इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना धरून उपग्रहापर्यंत आले होते. पॉझिट्रॉनांचा पुरावा म्हणजे ५ लक्ष ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा-किरण. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन परस्परांचा नाश करतात तेव्हा नेमके हेच किरण निघतात.

दुसरी घटना ६ फेब्रुवारी २०१७ ची. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात वादळी ढग जमिनीच्या बरेच जवळ असतात. काशिवाझाकी येथे वीज चमकल्यानंतर तेरुआकी एनोतो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या उपकरणांनी प्रथम एक तीव्र स्फुरण आणि नंतर सुमारे मिनिटभर हेच ५ लक्ष ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे किरण नोंदविले. विजेतून निघालेल्या प्रखर गॅमा-किरणांनी नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन बाहेर काढला होता. उरलेले नायट्रोजन-१३ किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य सुमारे १० मिनिटे आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या पॉझिट्रॉनांची ही खूण होती. विजेमुळे अणुकेंद्रीय विक्रिया घडत असतील, ही चर्चा पुष्कळ वर्षे चालली होती. तिला असा निःसंदिग्ध आधार मिळाला.

८. उटी येथील मोजमाप

या विषयातील एक मोलाची भर भारतातून पडली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे, जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने, निलगिरी पर्वतात उटी येथे सुमारे २२०० मीटर उंचीवर ग्रेप्स-३ हा विश्वकिरणांचा प्रयोग चालतो. त्यातील म्युऑन-दूरदर्शकाचे क्षेत्रफळ ५६० चौरस मीटर आहे. विश्वकिरणांपासून वातावरणात जन्मणारे म्युऑन धनभारित व ऋणभारित असे दोन्ही असतात. धनभारितांची संख्या थोडी अधिक असते. म्युऑन ढग भेदून जातात. ढगातील विभवांतरामुळे एका प्रकारच्या म्युऑनांची ऊर्जा घटते व दुसऱ्याची तेवढीच वाढते. दोहोंची संख्या समान असती तर हे परिणाम जवळजवळ फिटून गेले असते. ती समान नसल्यामुळे एकूण संख्येत अल्पसा, पण मोजता येण्याजोगा बदल होतो. फुगा ज्या ठिकाणी जाईल तेथीलच क्षेत्र सांगतो; म्युऑन मात्र वाटेतील संपूर्ण विभवांतराचा हिशेब देतात.

एप्रिल २०११ ते डिसेंबर २०१४ या काळात नोंदलेल्या १८४ वादळांपैकी १ डिसेंबर २०१४ च्या वादळात हे विभवांतर १३० कोटी व्होल्ट भरले. तो ढग समुद्रसपाटीपासून ११.४ किलोमीटर उंचीवर होता, त्याचा विस्तार किमान ३८० चौरस किलोमीटर होता आणि तो ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने सरकत होता. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ढगात अब्ज व्होल्टांच्या कोटीतील विभवांतर असू शकेल, असा अंदाज विल्सन यांनी १९२९ सालीच वर्तविला होता. तो पडताळून पाहण्यास नव्वद वर्षे लागली. आणि पडताळा मिळाला तो मेघविद्युताच्या अभ्यासासाठी उभारलेल्या उपकरणातून नव्हे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वादळात म्युऑनांच्या संख्येत पडणारा फरक हा व्यत्यय समजून बाजूस सारणे सहज शक्य होते. तसे न करता त्यालाच प्रश्न विचारले गेले.

९. मग वीज सुरू कशी होते?

इतके सांगून झाल्यावर मूळ प्रश्न सुटला काय, असे वाचक विचारतील. प्रामाणिक उत्तर असे, की तो अंशतःच सुटला आहे. अनिर्बंध इलेक्ट्रॉन ढगात असतात, हे आता निर्विवाद आहे. फुग्यांनी मोजलेली कमाल क्षेत्रे पुष्कळदा अनिर्बंध लोंढ्याच्या मर्यादेच्या आसपासच आढळतात, हा केवळ योगायोग नसावा. परंतु हे लोंढे रुंद पसरलेले असतात, तर विजेची वाट काही सेंटिमीटर जाडीची व तप्त असते. पसरलेल्या लोंढ्यातून अशी अरुंद वाट कशी उपजते, ही मधली कडी अजून पक्की जुळलेली नाही. बर्फकणांच्या टोकांवरून निघणाऱ्या सूक्ष्म विसर्जनांतून सुरुवात होत असावी, असे मानणारा दुसरा पक्षही बलवान आहे. दोन्ही प्रक्रिया परस्परांस साहाय्य करीत असणे अशक्य नाही.

जुलै २०२३ मध्ये ईआर-२ विमानातून सुमारे २० किलोमीटर उंचीवरून मध्य अमेरिका व कॅरिबियन समुद्राच्या परिसरातील ढगांचे निरीक्षण करण्यात आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार उष्ण कटिबंधातील मोठ्या ढगांत गॅमा-किरणांची मंद झळाळी तासन् तास, हजारो चौरस किलोमीटर क्षेत्रावर, सतत बदलत्या रूपात आढळते. शिवाय लुकलुकत्या स्फुरणांचा एक नवाच प्रकार दिसून आला. पूर्वी जे विरळ वाटत होते ते सर्वसामान्य असावे, असे यावरून दिसते.

उष्ण कटिबंधातील वादळे आपल्या माथ्यावरच आहेत. दरवर्षी वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात व विदर्भात शेतात काम करणारी माणसे व गुरे विजेने बळी पडतात; वीज नेमकी कशी सुरू होते हे कळल्याखेरीज तिची पूर्वसूचना भक्कम पायावर उभी राहणार नाही. या विषयात विद्युत्-विसर्जन, मेघभौतिकी, विश्वकिरण आणि अणुकेंद्रविज्ञान या चार शाखा एकत्र येतात, आणि प्रत्येक विभागात यांपैकी एखादीचा अभ्यास चालू असतोच. एक चमकपटलाचा शोधक, क्षेत्र मोजणारे एक साधे उपकरण आणि अचूक कालनोंद एवढ्या सामग्रीवरही पदव्युत्तर विद्यार्थ्यास आरंभ करता येण्याजोगा आहे. पाठ्यपुस्तकातील तो एक परिच्छेद पूर्ण करण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.